परदेशीं जाणारें दत्तक मूल आणि बदललेली वाट



दत्तकाची चाल आपल्याकडे जुनी आहे. वंश चालावा, जमीन घरांत राहावी, उतारवयांत आधार व्हावा, या हेतूनें भाऊबंदांतलें मूल घ्यावयाचें, दत्तहोम करावयाचा, कीं काम पुरें झालें, अशी जुन्नर-आंबेगांवकडील आम्हां लोकांची समजूत. परंतु आतां याच तालुक्यांतलीं मुलें शिकून समुद्रापलीकडे राहूं लागलीं आहेत. तेथून तीं दत्तक घेऊं पाहतात तेव्हां ही समजूत अपुरी पडते, आणि निम्मी वाट चालून गेल्यावर दुसरी वाट धरण्याचा प्रसंग येतो. वाट केव्हां बदलावी आणि केव्हां मुळींच बदलूं नये, हें आज सांगावयाचें आहे.

घोडेगांवाजवळच्या एका खेड्यांतला माझा जुना विद्यार्थी अमेरिकेंत नोकरीस आहे. लग्नास चौदा वर्षें होऊनहि मूल नव्हतें. वडील माणसांनीं ठरविलें कीं, धाकट्या भावाचा दुसरा मुलगा त्याच्या ओटींत घालावा. मुहूर्त काढला, साक्षीला मला बोलाविलें. वकिलांकडे चौकशी करितां पहिली अडचण निघाली. १९५६ च्या हिंदु दत्तक कायद्यानें असें दत्तक येथें ग्राह्य होतें खरें, पण मूल परदेशीं न्यावयाचें तर तेवढें पुरत नाहीं. नातेवाइकाचें मूल परदेशीं नेण्याची वाट २०१५ च्या बालन्याय कायद्यांत सांगितली आहे. तींत दत्तकाचा आदेश घ्यावा लागतो. तो पूर्वीं न्यायालय देई, १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. शिवाय केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचें ना-हरकत पत्र पाहिजे. आणि त्या देशानें मुलाला कायमचा प्रवेश देण्याचें मान्य केलें पाहिजे. दोन्ही जन्मदाते हयात असून सांभाळ करण्यास समर्थ असतील, तर अमेरिका असा प्रवेश सहसा देत नाहीं.

दुसरी अडचण वकिलांच्या पुस्तकांत नव्हती. त्या बैठकींत मुलाची आई प्रथमच बोलली, "भावजी, लेकरू तुमचंच हाय, पण ते रोज माझ्या डोळ्यांना दिसाया पाहिजे." सारे गप्प झाले. माझ्या विद्यार्थ्यानें त्याच क्षणीं बेत सोडला. शब्द फिरविला म्हणून गांवांत कांहीं दिवस कुजबूज झाली. माझ्या मतें त्यानें शब्द फिरविला नाहीं. चूक वेळेवर ओळखली. आई आपलें मूल संस्थेच्या स्वाधीन करते तेव्हां कायदाहि तिला फेरविचारास ६० दिवस देतो. मग घरच्या आईला तेवढा अवसर नको काय?

मग त्यानें प्राधिकरणाची वाट धरली. तो भारताचाच नागरिक. अशा जोडप्यास येथल्या जोडप्याच्या बरोबरीनें गणतात. तेथील मान्यताप्राप्त संस्थेची समाजसेविका घरीं येऊन मिळकत, प्रकृति, स्वभाव सर्व पाहून अहवाल लिहिते. मग नांव यादींत चढतें. उभयतांना तान्हें मूल हवें होतें. परंतु दोन वर्षांखालील मुलासाठीं पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक चालत नाहीं. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठीं ९०, चार ते आठसाठीं १०० आणि त्यापुढें ११० अशी मर्यादा आहे. यांची बेरीज ८८. मूल आपल्या पायांवर उभें राहीपर्यंत आईबापांचे हातपाय धड असावेत, हा या नियमाचा अर्थ.

तान्ह्या मुलाची आशा अशी मावळली. पुष्कळ विचारानें त्यांनीं मोठ्या मुलीची तयारी दाखविली, आणि त्यानें मला लिहिलें, "गुरुजी, सहा वर्षांची मुलगी आपली होईल का?" मीं उत्तर दिलें: "पहिल्या दिवशीं वर्गाची चौकट धरून रडणारें सहा वर्षांचें मूल दिवाळीच्या सुटीपर्यंत माझ्या खुर्चीला टेकून उभें राहिलेलें मीं दरवर्षीं पाहिलें आहे. मात्र तिला मागच्या आठवणी असतील, त्या पुसूं नका. आणि घरांत मराठी सोडूं नका."

अशी वाट बदललेलें एक कुटुंब पुण्याच्या इतिहासांत आहे. १९७९ सालीं हरेन आणि स्यू स्थळेकर हें अमेरिकेंत राहणारें जोडपें भारतांत आलें. एक मुलगी त्यांनीं आधींच दत्तक घेतली होती. आतां मुलगा हवा होता. तो मिळेना. अखेरीस ससून रुग्णालयाशीं निगडित अशा पुण्याच्या श्रीवत्स संस्थेंत त्यांना एक तान्ही मुलगी दाखविली, आणि मुलाचा हट्ट तेथेंच सुटला. तीच लिसा स्थळेकर. पुढें हें कुटुंब ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालें. एकदिवसीय क्रिकेटमध्यें हजार धावा आणि शंभर बळी मिळविणारी ती पहिली स्त्री. २०१३ सालीं मुंबईंत विश्वचषक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या संघांत ती होती. पण ती कोणीहि झाली नसती, तरी त्या दिवशींचा निर्णय योग्यच ठरला असता.

त्या काळीं नियम सैल होते. परदेशीय लोक १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखालीं मूल घेऊन जात, आणि त्यांत गैरप्रकार शिरले. १९८२ सालीं लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें. १९८४ च्या निकालानें शिस्त घातली. मुलास आधीं देशांतच घर शोधावें, तें न मिळाल्यास बाहेर पाहावें, हें तत्त्व तेथून रूढ झालें. १९९३ चा हेग येथील आंतरराष्ट्रीय करार भारतानें २००३ सालीं मान्य केला. कागदांना उशीर लागतो म्हणून आपण चिडतों. पण त्यांतला बराच उशीर मुलाच्या रक्षणासाठीं असतो.

आतां मुख्य गोष्ट. देश बदला, वय बदला, मुलगा कीं मुलगी हा आग्रह सोडा. हें सर्व मूल घरीं येण्यापूर्वीं. बदल मुलाच्या गरजेकडे नेणारा असावा, नियमांतली पळवाट शोधणारा नसावा. कोणी एजंट लवकर काम करून देतों म्हणाला, तर त्या वाटेला जाऊंच नये. मूल घरीं आल्यावर मात्र वाट बदलणें नाहीं. परदेशीं गेलेल्या मुलाची विचारपूस पहिल्या वर्षीं दर तीन महिन्यांनीं, दुसऱ्या वर्षीं दर सहा महिन्यांनीं होते. अडचण आल्यास ती त्याच वेळीं मोकळेपणानें सांगावी. जमलेंच नाहीं, तर हेगचा करार मुलासाठीं दुसरें घर पाहावयास सांगतो. मायदेशीं परत धाडणें हा अगदीं शेवटचा उपाय. एकदां सोडलें गेलेलें मूल पुन्हां सोडलें जाऊं नये, एवढा विचार प्रत्येकानें सही करण्यापूर्वीं करावा.

गेल्या दिवाळींत ती मुलगी आईबापांबरोबर आमच्याकडे आली. अंगणांत तिला ओवाळलें तें त्याच भावजयीनें, आणि तिचा मुलगा तबकांतला पेढा उचलून आपल्या नव्या बहिणीच्या हातावर ठेवीत होता. दोन्ही मुलें आपापल्या घरीं होतीं.