गाठीआधीचं प्रश्नचिन्ह

रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. "मावशी, चिठ्ठीवर मॅलिग्नन्सी लिहिलंय गं." पुढे तिला बोलवेना. मी आरोग्यावर लिहिते, त्यामुळे नात्यातले रिपोर्ट आणि चिठ्ठ्या माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पडतातच. तिलाही म्हटलं, फोटो पाठव.

बाळ पाच आठवड्यांचं. आंघोळ घालणाऱ्या बाईंच्या बोटांना मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी टणक गाठ लागली. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि पीडियाट्रिक सर्जनकडे पाठवलं. चिठ्ठीवर घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: '? स्टर्नोमॅस्टॉइड ट्यूमर. आर/ओ मॅलिग्नन्सी.' खाली मानेची सोनोग्राफी.

तिने वाचले ते दोनच शब्द, ट्यूमर आणि मॅलिग्नन्सी, म्हणजे कॅन्सर. महत्त्वाच्या होत्या त्या दोन खुणा तिने ओलांडल्या. निदानाआधी प्रश्नचिन्ह असलं की त्याचा अर्थ 'असं वाटतंय, खात्री करा'. 'आर/ओ' म्हणजे 'रूल आउट', अर्थात 'हे नाही ना, तेवढं बघून घ्या'. तिला वाटलं निकाल आला. चिठ्ठीत खरं तर फक्त प्रश्न होता. आणि 'ट्यूमर' या शब्दाचा मूळ अर्थ नुसता फुगवटा. स्टर्नोमॅस्टॉइड ट्यूमर तर कॅन्सरच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. मान वळवणाऱ्या स्नायूत आलेला तो तंतुमय फुगवटा असतो. जन्मानंतर दोन ते चार आठवड्यांनी हाताला लागतो, थोडा वाढतो आणि मग काही महिन्यांत ओसरतो. बाळाची मान गाठीच्या बाजूला कलते, हनुवटी दुसरीकडे वळते. फिजिओथेरपिस्ट आईला मानेचे ताण देण्याचे व्यायाम शिकवतात आणि बहुतेक बाळांचं तेवढ्यावर भागतं.

पण हे रात्री साडेअकराला कोण सांगणार? तोवर तिने फोनवर शोध घेऊन घेऊन स्वतःला अर्धमेलं करून घेतलं होतं.

मराठीत अंगावरच्या फुगवट्याला शब्द किती आहेत बघा. पडल्यावर येतं ते टेंगूळ, पू होतो ते गळू, वर्षानुवर्षं मऊसर राहतं ते आवाळू, जांघेत आतडं उतरतं तो अंतर्गळ, पायाला जखम झाल्यावर जांघेत येतं ते अवधाण. सगळ्या गाठी एक नाहीत, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. दवाखान्यात मात्र सगळ्यांची मिळून एकच 'गाठ' होते आणि त्या एका शब्दाला आपण कॅन्सर चिकटवून टाकलाय.

"मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं म्हणजे काहीतरी भयंकर आहे"

पाठवण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी अशी गाठ वर्षाकाठी एखादी पाहिलेली असते, तज्ज्ञ ती आठवड्याला पाहतात. बाळांच्या अंगावरच्या गाठींमध्ये कॅन्सरच्या गाठी फारच थोड्या निघतात. एखादी चुकू नये म्हणूनच बाकीच्यांनाही पाठवतात. आणि सर्जनकडे पाठवलं म्हणजे कापाकापी होणारच, असंही नाही. मुलांच्या गाठी पाहण्याचा अनुभव ज्यांना आहे ते डॉक्टर आपल्याकडे 'सर्जन' या पाटीखाली बसतात, एवढंच. त्यांच्या ओपीडीतून 'तीन महिन्यांनी दाखवा' एवढं ऐकून परतणारी कुटुंबं पुष्कळ असतात.

मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय 1929पासून केवळ मुलांसाठी आहे. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही मुलांच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर भेटतात. टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली तरी ती तपासणीचीच चिठ्ठी असते, हेही लक्षात ठेवा.

"काखेत गाठ आली, बाळाला टीबी झाला"

ही गल्लत मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. आपल्याकडे जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर टीबीविरुद्धची बीसीजीची लस देतात. काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो, खपली धरते आणि खूण राहते. काही बाळांच्या डाव्या काखेत त्यानंतर एक गाठ लागते. अवधाणाचंच तत्त्व: पायाच्या जखमेचं जांघेत, दंडावरच्या लसीचं काखेत. शरीराची चौकी तिथे जागी झालेली असते. बाळ दूध पितंय, वजन वाढतंय, ताप नाही, तर ही गाठ बहुधा औषधाविना काही महिन्यांत बसते. त्यासाठी टीबीची औषधं सुरू करायची गरज सहसा पडत नाही. गाठ मऊ, लाल झाली, पू धरला, तर डॉक्टर सुईने तो ओढून काढतात. घरी दाबून फोडली तर जखम महिनोन्महिने वाहत राहते.

पेंटाव्हॅलंटची लस मांडीत देतात, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. तिथेही कडक गोळी राहू शकते आणि ती हळूहळू विरते. म्हणून तज्ज्ञांकडे जाताना लसीकरणाचं कार्ड हवंच. कुठली लस, कुठल्या बाजूला, कोणत्या तारखेला, एवढ्यावरून कधीकधी अर्धं निदान होतं.

"रोज चोळलं की विरघळते"

इथे मला आवाज थोडा चढवावासा वाटतो. नवजात बाळाच्या छातीला, मुलगा असो वा मुलगी, आईच्या संप्रेरकांमुळे गाठ येते, क्वचित दुधाचा थेंबही येतो. काही आठवड्यांत ती आपसूक जाते. पण आंघोळ घालणाऱ्या बाई 'दूध काढून टाकलं पाहिजे' म्हणून ती पिळतात. मग जंतू शिरतात, पू होतो आणि दहा-पंधरा दिवसांच्या बाळाला चीर द्यावी लागते. काही करायचं नव्हतं तिथे ऑपरेशन ओढवून घेतलेलं असतं.

डोक्यावरच्या टेंगळाचंही तसंच. बाळंतपणात कवटीच्या हाडावर रक्त साकळून आलेला फुगवटा काही आठवडे, कधी दोन-तीन महिने राहतो. कडेने टणक लागतो म्हणून घरचे घाबरतात. तो दाबायचा नाही, शेकायचा नाही, सुईने उपसायचा तर मुळीच नाही. बेंबी बाहेर आली म्हणून वर नाणं ठेवून पट्टा बांधतात, त्याने खालची कातडी कुजते. बेंबीचा हर्निया बहुतेक मुलांत तीन-चार वर्षांचं होईतो आपणच मिटतो.

गाठीवर बिब्बा लावू नका, त्याने कातडी भाजते. चटके देण्याची प्रथा तर अजून पूर्ण गेलेली नाही. मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापल्या विळ्याने डाग देतात, त्याला 'डंबा' म्हणतात. पोट फुगलेलं बाळ आधीच आजारी असतं, त्यात हा भाजल्याचा घाव आणि दवाखान्याला झालेला उशीर.

"लहान मुलांच्या गाठी आपोआप जातात, उगाच धावपळ कशाला"

भीतीइतकाच हा दिलासाही घातक. वर बेंबीबद्दल लिहिलं ते जांघेला लागू नाही. जांघेतला हर्निया आपोआप मिटत नाही, त्याला शस्त्रक्रिया लागते. मुलग्यांमध्ये, त्यातही दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांमध्ये, तो जास्त दिसतो. गंमत म्हणजे, गंमत कसली, वैताग म्हणजे, बाळ रडताना तो फुगतो आणि डॉक्टरांसमोर बाळ शांत झोपलं की काहीच दिसत नाही. तेव्हा फुगलेला असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि ती गाठ एकाएकी कडक झाली, लाल दिसली, आत जाईना, बाळ कळवळून रडतंय, उलट्या करतंय, तर आतडं अडकलेलं असू शकतं. त्याच तासाला दवाखाना गाठा. अंडाभोवती नुसतं पाणी साठलं असेल, तर ते मात्र बहुधा वर्ष-दीड वर्षात जिरतं. हर्निया की पाणी, हे हात लावणाऱ्या जाणकारानेच ठरवायचं.

लाल गाठीचं उदाहरण आणखी बोलकं. शंभरातल्या चार-पाच बाळांना जन्मानंतर काही आठवड्यांत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखी लाल, उठावदार गाठ येते. डॉक्टर तिला हिमॅन्जिओमा म्हणतात. रक्तवाहिन्यांची ही गाठ कॅन्सर नव्हे. मुलींत, कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ती जास्त येते. तिची बहुतेक वाढ पहिल्या पाच महिन्यांत होते, मग ती काही वर्षांत फिकी पडत ओसरते. म्हणून पुष्कळदा 'जाईल आपोआप' हे बरोबरच असतं. पण ती पापणीवर, नाकाच्या शेंड्यावर, ओठावर, घशाजवळ असेल किंवा तिला जखम होत असेल, तर पहिल्या महिना-दोन महिन्यांतच तज्ज्ञांना दाखवावं लागतं. वाढ होऊन गेल्यावर औषधाचा उपयोग कमी. हे औषध सापडलंही योगायोगाने. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि त्याच्या नाकावरची गाठ झपाट्याने फिकी पडली. 2008 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याआधी स्टिरॉइडवर भिस्त होती. हे औषध मात्र शेजारणीच्या सांगण्यावरून द्यायचं नव्हे. त्याने बाळाची साखर आणि नाडी उतरू शकते.

वाट बघायची नाही अशा गाठी ओळखता येतात. पोटात हाताला लागणारी कुठलीही गाठ. गळ्याच्या हाडाच्या, म्हणजे हासळीच्या वर आलेली. दगडासारखी, खालच्या भागाला घट्ट चिकटलेली. दर आठवड्याला डोळ्यांदेखत वाढणारी. पाठीच्या मधोमध, मणक्यावर आलेली, विशेषतः तिथे केसांचा पुंजका किंवा खळगा असेल तर. अंडकोषातली टणक गाठ. गाठीसोबत बाळ पांढरंफटक पडलं, ताप हटेना, डोळ्यांभोवती निळसर डाग उमटले. अशा गाठीची अपॉइंटमेंट महिन्यावर ढकलू देऊ नका, डॉक्टरांना 'लवकर हवी' असं चिठ्ठीवर लिहायला सांगा. वर्षाखालच्या बाळांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर न्यूरोब्लास्टोमा. तो बहुधा पोटात सुरू होतो. आणि याच आजाराचा एक प्रकार तान्ह्या बाळांत आपोआप ओसरतो, हेही खरं.

"सुई लावली की पसरतं"

सुईच्या तपासणीने किंवा तुकडा काढल्याने साधी गाठ कॅन्सरची होत नाही. या भीतीपोटी लोक तपासणी टाळतात, मग आजार वाढतो आणि दोष सुईवर जातो. यात खरं आहे ते एवढंच: किडनीच्या किंवा अंडकोषाच्या काही गाठींत सुई घालायची का, कुठून आणि कधी, हे जपून ठरवावं लागतं. म्हणून तुकडा काढायचा तो जिथे पुढचे उपचारही होतात अशा ठिकाणी, त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. 'इथेच पटकन कापून टाकू' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. नाकाच्या मधोमध आलेली बारीकशी गाठ मेंदूपर्यंत जोडलेली असू शकते, म्हणून तिला हात लावण्याआधी एमआरआय करतात. भुवईच्या बाहेरच्या टोकाला वाटाण्याएवढी गाठ असते, तिला डर्मॉइड म्हणतात. ती मात्र सवडीने, ठरवून काढता येते.

सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, किरण नसतात. वरवरच्या गाठीसाठी बाळ आईच्या मांडीवर असतानाही ती होते. एमआरआयमध्येही क्ष-किरण नसतात, पण बाळ हलू नये म्हणून झोपेचं औषध लागू शकतं. त्याआधी किती तास दूध द्यायचं नाही, हे नीट विचारून घ्या.

"ग्रहणात भाजी चिरली होतीस ना?"

भाचीला हा प्रश्न तिच्या चुलत सासूबाईंनी बाळाच्या पाळण्याशेजारीच विचारला. ग्रहणात चिरलं, डोहाळे पुरवले नाहीत, सातव्या महिन्यात प्रवास केला, अशा कुठल्याच गोष्टीने गाठ येत नाही. डर्मॉइड म्हणजे गर्भात चेहरा जुळताना त्वचेचा कण आत अडकलेला असतो, आईने काय खाल्लं याच्याशी त्याचा संबंध नाही. पण आधीच रात्रभर जागी असलेली आई हे ऐकते आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे तिच्या तोंडून प्रश्नच फुटत नाही. घरातल्या बाकीच्यांनी करण्यासारखं एक काम आहे: तपासणीला तिच्यासोबत जावं, डॉक्टर सांगतात ते लिहून घ्यावं आणि नातेवाइकांचे फोन आपल्याकडे वळवून घ्यावेत.

खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत येणारं त्याचं पथकही बाळाला पुढे पाठवू शकतं.

भाचीच्या बाळाच्या गाठीबद्दल सोनोग्राफीने डॉक्टरांच्या अंदाजाला दुजोरा दिला. आता दिवसातून अनेकदा मानेचे व्यायाम चालतात, बाळ रडतं, आजी कुरकुरते.

तुमच्या हातात अशी चिठ्ठी असेल तर गाठ दिवसातून दहादा चाचपू नका. आठवड्यातून एकदा शेजारी रुपयाचं नाणं धरून, तारीख टाकून फोटो काढा. आणि चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: कोणती लक्षणं दिसली तर तारखेची वाट न बघता लगेच यायचं? उत्तर त्यांच्याकडूनच चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या.