वेळापत्रकाचा मालक कोण?

१९५८ साली इंग्लंडच्या फुटबॉल लीगची नवी मांडणी झाली. चार विभाग, ९२ क्लब. वरच्या दोन विभागांत २२-२२ आणि खालच्या दोन विभागांत २४-२४. प्रत्येक क्लबाने आपल्या विभागातल्या प्रत्येकाशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा त्याच्या गावी जाऊन खेळायचं. गुणाकार करून पाहा, एका हंगामात २,०२८ सामने होतात. हे सगळे संगणकाशिवाय, तक्ते आखून, हाताने बसवले जात.

हे किती अवघड होतं ते लिव्हरपूल शहरापुरतं बघू. एव्हर्टन आणि लिव्हरपूल या दोन क्लबांच्या मैदानांमध्ये तेव्हा फक्त स्टॅन्ली पार्क नावाची बाग होती. दोघांचे घरचे सामने एकाच शनिवारी ठेवले तर पोलीस, बस, प्रेक्षक सगळ्यांचेच हाल. म्हणून एक घरी असेल तेव्हा दुसऱ्याला बाहेर पाठवायचं. पण तेव्हा एव्हर्टन पहिल्या विभागात होता आणि लिव्हरपूल दुसऱ्या, त्यामुळे दोन विभागांच्या तक्त्यांना एकमेकांत गाठ बसली. नॉटिंगहॅममध्ये फॉरेस्ट पहिल्या विभागात, तर नॉट्स काउंटी तिसऱ्या, म्हणजे आणखी एक गाठ. एक सामना हलवला की देशभर पडझड! ही किमया चार्ल्स सटक्लिफ नावाच्या वकिलाने घडवली आणि त्यांच्यामागे मुलगा हॅरल्डने ती चालू ठेवली.

या कागदाची खरी किंमत ओळखली ती ॲलन हार्डेकर यांनी. मूळचे हल शहरातले, युद्धात नौदलात आणि पुढे पोर्ट्समथच्या लॉर्ड मेयरचे सचिव. १९५१ मध्ये ते लीगमध्ये सहायक म्हणून आले, १९५७ मध्ये सचिव झाले आणि १९७९ पर्यंत त्या खुर्चीत राहिले. त्यांना मताचा अधिकार नव्हता, ते क्लबांचे पगारी नोकर होते. तरीही दोन दशकं इंग्लिश फुटबॉल त्यांच्या टेबलावरून चालला.

त्या काळी लाखो इंग्रज कुटुंबं दर आठवड्याला ‘पूल्स’चं कुपन भरत, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावत. कुपन छापायला पुढचे सामने आधी ठाऊक हवेत. पूल्सच्या कंपन्या लीगचं वेळापत्रक फुकट उचलून गडगंज होत होत्या. १९३६ मध्ये लीगने त्यांना रोखण्यासाठी सामन्यांची यादीच गुपित ठेवून पाहिली. प्रेक्षक रोडावले आणि तो बेत लगेच सोडावा लागला.

हार्डेकर यांच्या कारकिर्दीत लीग न्यायालयात गेली. १९५९ मध्ये लिटलवूड्स या कंपनीविरुद्ध निकाल लागला: वेळापत्रक करायला बुद्धी आणि कष्ट लागतात, म्हणून त्यावर लीगचा कॉपीराइट आहे. कोण कुठे कधी खेळणार, एवढीच माहिती देणारा कागद कायद्याने मालमत्ता ठरला! कंपन्यांनी वर्षाला किमान २,४५,००० पौंड द्यायचं कबूल केलं. खेळाडूचा आठवड्याचा पगार २० पौंडांहून जास्त असू नये असा नियम होता, तेव्हाची ही रक्कम आहे.

१९६०-६१ मध्ये हार्डेकर यांनी लीग कप ही नवी स्पर्धा सुरू केली. मैदानांवर प्रकाशझोत आल्यामुळे मधल्या वारी रात्री सामने खेळवणं शक्य झालं होतं. आर्सेनल आणि टॉटनहॅमसारख्या बड्या क्लबांनी पाठ फिरवली, वर्तमानपत्रांनी टर उडवली. हार्डेकर हटले नाहीत. १९६७ मध्ये अंतिम सामना वेम्बलीवर आला आणि तिसऱ्या विभागातल्या क्वीन्स पार्क रेंजर्सने दोन गोलांनी मागे पडूनही वेस्ट ब्रॉमविचला ३-२ हरवलं. पुढे बड्यांचा रुसवाही गेला.

त्यांच्या सगळ्याच गोष्टींचं कौतुक करता येत नाही. युरोपातल्या फुटबॉलबद्दल त्यांच्या मनात अढी होती आणि १९५६ मध्ये मॅट बझबींचा मँचेस्टर युनायटेड लीगचा विरोध झुगारूनच युरोपियन कपमध्ये उतरला. १९६३ मध्ये त्यांनी मांडलेली पाच विभागांची योजना मात्र क्लबांनी नाकारली, आणि तिथे क्लबांचंच चुकलं असं मला वाटतं. बदल मंजूर व्हायला तीन-चतुर्थांश मतं लागत, त्यामुळे लांबचा विचार पटवून देण्याची त्यांची धडपड बहुतेक वेळा तिथेच अडे.

हार्डेकर १९८० मध्ये गेले. लीग कपच्या अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला आजही त्यांच्या नावाचं पारितोषिक मिळतं. वेळापत्रकावरचा हक्क मात्र टिकला नाही. १ मार्च २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की यादी बनवायला नुसते कष्ट आणि कौशल्य लागलं म्हणून कॉपीराइट मिळत नाही, त्यात स्वतंत्र सर्जनशील निवड असावी लागते.