पक्क्या मताचा, उघड्या कानांचा धर्मगुरू

१८ ऑक्टोबर १९६६ची संध्याकाळ. लंडनच्या वेस्टमिन्स्टर सेंट्रल हॉलमध्ये ब्रिटनमधल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांची सभा भरली होती. इव्हँजेलिकल म्हणजे बायबल हाच अखेरचा आधार मानणारे आणि प्रत्येकाने स्वतः ख्रिस्ताकडे वळले पाहिजे, असे सांगणारे. डॉक्टरकी सोडून धर्मोपदेशक झालेले मार्टिन लॉइड-जोन्स यांनी कळकळीने हाक दिली : मूळ श्रद्धा पातळ करणाऱ्या चर्चमध्ये विखरून राहू नका, एकत्र या. अध्यक्षस्थानी होते ४५ वर्षांचे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, धर्मगुरू जॉन स्टॉट. अध्यक्षाने समारोप करून सभा संपवायची, हा रिवाज. स्टॉट यांनी मात्र तिथेच सांगितले, की इतिहास आणि पवित्र शास्त्र दोन्हीही या विचाराच्या विरोधात आहेत.

श्रद्धेच्या बाबतीत दोघे एकाच बाजूचे होते. प्रश्न होता तो घर सोडण्याचा. चर्च ऑफ इंग्लंडची मूळ धर्मतत्त्वे आपलीच आहेत, मग आपण बाहेर का पडायचे, हे स्टॉट यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी कील विद्यापीठात त्यांच्या अध्यक्षतेखाली जमलेल्या सुमारे हजार अँग्लिकन इव्हँजेलिकलांनी चर्चमध्ये राहूनच काम करण्याचा निर्धार केला.

स्टॉट यांचा जन्म १९२१चा. वडील लंडनमधले नामांकित डॉक्टर. मुलाने परराष्ट्र सेवेत जावे, ही त्यांची इच्छा. पण रग्बी शाळेत असताना १९३८ साली एरिक नॅश या धर्मगुरूंच्या उपदेशाने मुलाचा मार्ग ठरला. केंब्रिजमध्ये शिकून १९४५ साली ते लंडनमधल्या लँगहॅम प्लेसच्या ऑल सोल्स चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू झाले. बीबीसीच्या इमारतीला लागून असलेल्या याच चर्चच्या सज्जातून लहानपणी ते खाली बसलेल्या बायकांच्या टोप्यांवर कागदाच्या गोळ्या टाकत. १९५० ते १९७५ ते तिथले रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू होते. धर्मप्रसार हे धर्मगुरूचे एकट्याचे काम नाही, असे मानून त्यांनी सामान्य सभासदांना त्यासाठी रीतसर शिकवले.

त्यांचा सर्वांत दूरवर पोहोचलेला ठसा १९७४चा. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात अमेरिकन धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने भरलेल्या धर्मप्रसार परिषदेत सुमारे १५० देशांतले दोन हजारांवर प्रतिनिधी जमले. लॅटिन अमेरिकेतले रेने पाडिया आणि सॅम्युएल एस्कोबार यांनी तिथे खडसावून विचारले, की आत्म्याच्या तारणाबद्दल बोलताना भूक आणि अन्याय यांकडे पाठ कशी फिरवता? परिषदेच्या जाहीरनाम्याच्या, म्हणजे लोझान कराराच्या, मसुद्याची जबाबदारी स्टॉट यांच्याकडे होती. त्यांनी हे बोल मनावर घेतले. शुभवर्तमान सांगणे आणि समाजासाठी झटणे ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये आहेत, असे त्यात लिहिले गेले. आजवर याकडे दुर्लक्ष केल्याबद्दल पश्चात्तापही व्यक्त झाला. एक कान शास्त्राकडे, दुसरा जगाकडे. याला ते दुहेरी श्रवण म्हणत.

‘बेसिक ख्रिश्चनिटी’ (१९५८) आणि ‘द क्रॉस ऑफ क्राइस्ट’ (१९८६) ही त्यांची पुस्तके जगभर वाचली जातात. पुस्तकांचे मानधन त्यांनी स्वतःसाठी ठेवले नाही. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या पाळकांना ग्रंथ मिळावेत, तिथल्या अभ्यासकांनी डॉक्टरेट करून आपापल्या देशात शिकवावे, यासाठी त्यांनी ते दिले. ते अविवाहित राहिले, बिशप झाले नाहीत, छोट्या घरात राहिले. परदेशी जाताना दुर्बीण मात्र बरोबर असे. पक्षिनिरीक्षण हा त्यांचा जन्मभराचा छंद.

ते सनातनी होते, हे झाकण्याचे कारण नाही. विवाह स्त्री-पुरुषांचाच, या मतापासून ते हटले नाहीत आणि ते अनेकांना जाचक वाटते. पण शास्त्राचा अर्थ वेगळा लागला, तर स्वतःच्या गोटालाही ते दुखवत. दुष्टांना नरकात अनंतकाळ यातना होत राहण्यापेक्षा त्यांचा अखेर नाश होत असावा, असे त्यांनी १९८८ साली मांडले, तेव्हा जवळचेच लोक बिथरले.

२७ जुलै २०११ रोजी, ९०व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज अँग्लिकन जगात फुटीची भाषा पुन्हा जोरात आहे. अशा वेळी १९६६च्या त्या सभेचा शेवट आठवावा. स्टॉट पुढे लॉइड-जोन्स यांना भेटले आणि त्यांनी क्षमा मागितली. अध्यक्षाच्या खुर्चीतून तसे बोलायला नको होते, एवढ्यापुरतीच. मत त्यांनी बदलले नाही.