संसद पाहावयास जाताना

सांगली-मिरज रस्त्यावरील विश्रामबाग ही विद्यार्थ्यांची, शिक्षकांची आणि नोकरदारांची वसाहत. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की येथील अनेक कुटुंबे आणि आसपासच्या गावांतील मंडळी उत्तर भारताच्या सहलीस निघतात. मिरजेहून गोवा एक्सप्रेस धरावी, निजामुद्दीनला उतरावे, लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट पाहून आग्र्यास जावे, असा ठरलेला क्रम असतो. या यादीत संसदेचेही नाव असते. परंतु बहुतेकांची संसद बाहेरच्या रस्त्यावरूनच पाहून होते.

जुन्या इमारतीत दोन्ही सभागृहे भरत होती त्या काळातील एक प्रसंग आठवतो. आमच्या जिल्ह्यातील एका लहान गावच्या सरपंचबाई दिल्लीस जाऊन आल्या होत्या. त्यांना प्रवेशपत्र मिळाले होते आणि लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीत त्या बसूनही आल्या होत्या. विश्रामबागेतील एका शिक्षकांच्या घरी गाठ पडली तेव्हा मी उत्सुकतेने विचारपूस केली. बाई खिन्न होत्या. शुक्रवारची दुपार होती, सभागृहात मोजकेच सदस्य होते, एक जण बोलत होता आणि दोघे-तिघे ऐकत होते. आमच्या ग्रामसभेलासुद्धा याहून अधिक माणसे असतात, असे त्या म्हणाल्या. एवढे पैसे आणि दिवस खर्चून पाहिले ते हेच का, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे. संसद ही पाहावयाची वास्तू आहे; परंतु काय पहावयाचे हे ठाऊक नसेल तर डोळ्यांना दिसते ते मनाला उमगत नाही.

दोन वास्तू, एक परंपरा

दिल्लीत आज संसदेच्या दोन इमारती शेजारीशेजारी उभ्या आहेत. गोल इमारत जुनी. तिची कोनशिला १२ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते बसविण्यात आली. विश्रामबागेतील विलिंग्डन महाविद्यालय त्यापूर्वी दोन वर्षे, १९१९ साली सुरू झाले होते. यावरून या वास्तूच्या वयाची कल्पना येईल. एडविन ल्युटेन्स व हर्बर्ट बेकर या वास्तुविशारदांनी ती उभारली आणि १८ जानेवारी १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचे उद्घाटन केले. बांधकामास त्या काळचे ८३ लाख रुपये लागले. इमारतीचा व्यास ५६० फूट असून सभोवारच्या ओवरीत २७ फूट उंचीचे १४४ दगडी खांब आहेत. आत तीन अर्धवर्तुळाकार सभागृहे आणि त्यांच्या मध्यभागी घुमटाचे मध्यवर्ती सभागृह, अशी रचना आहे.

त्या तीन सभागृहांचा मूळ उपयोग लक्षात घेण्याजोगा आहे. एक मध्यवर्ती विधिमंडळासाठी, दुसरे राज्य परिषदेसाठी आणि तिसरे संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळासाठी होते. स्वातंत्र्यानंतर पहिल्यात लोकसभा आणि दुसऱ्यात राज्यसभा भरू लागली. संस्थानिकांच्या सभागृहात आधी फेडरल कोर्ट आणि नंतर १९५८ पर्यंत सर्वोच्च न्यायालय बसत असे. राजेरजवाड्यांसाठी बांधलेल्या दालनात सामान्य नागरिकाचे दावे ऐकले जाऊ लागले. सांगली हे स्वतःच एका संस्थानच्या राजधानीचे गाव असल्याने या स्थित्यंतराचा अर्थ आपल्याकडील वाचकांस वेगळा समजावून सांगावयास नको.

नवी इमारत त्रिकोणी आहे. वास्तुविशारद बिमल पटेल यांनी तिचा आराखडा केला. १० डिसेंबर २०२० रोजी तिची पायाभरणी झाली आणि २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झाले. लोकसभेच्या सभागृहात ८८८ आणि राज्यसभेच्या सभागृहात ३८४ आसनांची सोय आहे. लोकसभेच्या सजावटीत मोर आणि राज्यसभेच्या सजावटीत कमळ ही चिन्हे योजली आहेत. दगड राजस्थानचा, गालिचे उत्तर प्रदेशचे, बांबूची जमीन त्रिपुराची. आणि सागवान आपल्या नागपूरचे. १९ सप्टेंबर २०२३ पासून तेथे कामकाज सुरू झाले आणि जुन्या वास्तूस ‘संविधान सदन’ असे नाव देण्यात आले. गंमत अशी की, जुन्या इमारतीसाठी बेकर यांनी प्रथम सुचविलेला आकारही त्रिकोणीच होता. गोल आकाराचा आग्रह ल्युटेन्स यांचा.

पंचायतीची जन्मकथा

पंचायत सदस्याने या वास्तूंकडे पाहावे ते मात्र खांबांची संख्या मोजण्यासाठी नव्हे. त्याच्या स्वतःच्या खुर्चीची जन्मकथा येथे घडली आहे.

मध्यवर्ती सभागृहात ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेची पहिली बैठक भरली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडला. मसुद्यात ग्रामपंचायतीस स्थान नव्हते. गावगाड्यात जातीची उतरंड आणि अज्ञान किती खोल रुजले आहे, याची बाबासाहेबांना पुरती जाणीव होती आणि ती त्यांनी स्पष्ट शब्दांत बोलून दाखविली. अनेक सदस्यांना हे रुचले नाही. वाद झाला. अखेर २२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संथानम यांची दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली आणि आजचा अनुच्छेद ४० संविधानात आला. राज्याने ग्रामपंचायती स्थापाव्यात आणि त्यांना स्वराज्याचे घटक म्हणून काम करता येईल असे अधिकार द्यावेत, असे तो सांगतो. परंतु त्याचे स्थान मार्गदर्शक तत्त्वांत होते. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती.

ही उणीव भरून निघण्यास ४४ वर्षे लागली. मधल्या काळात महाराष्ट्राने आपला मार्ग आखला होता. देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. देशभरासाठी मात्र ७३ वी घटनादुरुस्ती व्हावी लागली. २२ डिसेंबर १९९२ रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ती संमत केली. त्या वेळी लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील होते. २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली. नियमित निवडणुका, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आणि महिलांना किमान एकतृतीयांश जागा यांस संविधानाचे बळ मिळाले. महाराष्ट्राने पुढे महिलांचा वाटा निम्म्यावर नेला.

सरपंचबाई ज्या सभागृहाच्या गॅलरीत खिन्न होऊन बसल्या होत्या, त्याच सभागृहात त्यांच्या खुर्चीला संविधानाचा आधार मिळाला होता. हे त्यांना आधी कोणी सांगितले असते, तर त्या दुपारचा रंग निराळा झाला असता. नव्या इमारतीतील कामकाजाचा आरंभही महिलांच्या प्रतिनिधित्वाच्या विधेयकाने झाला. लोकसभा व विधानसभांत महिलांना एकतृतीयांश जागा राखून ठेवण्याची ही घटनादुरुस्ती लोकसभेने २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत केली. गावात जो प्रयोग तीस वर्षे झाला, तो पाहूनच दिल्लीचे पाऊल पुढे पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रवेश कसा मिळतो

संसदेत तिकीट काढून जाता येत नाही. अधिवेशन वर्षातून साधारणतः तीन वेळा भरते: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. कामकाज पाहावयाचे असल्यास ठरीव नमुन्यात अर्ज करावा लागतो आणि त्यावर खासदाराची शिफारस लागते. ही शिफारस म्हणजे केवळ सही नव्हे. हा अभ्यागत माझ्या व्यक्तिशः परिचयाचा असून त्याची जबाबदारी मी घेतो, असे खासदार लिहून देतो. म्हणून निघण्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवून आपल्या खासदारांच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ बाळगावे. दहा वर्षांखालील मुलांना गॅलरीत प्रवेश नसतो, हे कुटुंबासह जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मोबाइल, कॅमेरा, पिशव्या आत नेता येत नाहीत. गॅलरीत टाळ्या वाजविणे, घोषणा देणे, आपसांत बोलणे यांस मनाई आहे. तपासणीचे टप्पे अनेक असतात आणि काहींना ते जाचक वाटतात. त्यामागील इतिहास जाणून घेतला म्हणजे मन शांत राहते. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर सशस्त्र हल्ला झाला आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांनी प्राण देऊन तो परतविला. बरोबर बावीस वर्षांनी, १३ डिसेंबर २०२३ रोजी, दोन तरुणांनी नव्या लोकसभेच्या गॅलरीतून सभागृहात उड्या घेऊन रंगीत धूर सोडला. त्यानंतर प्रवेशाचे नियम अधिक कडक झाले. असे नियम प्रसंगानुसार बदलतात. म्हणून प्रवासाचे आरक्षण करण्यापूर्वी चौकशी करणे श्रेयस्कर.

गॅलरीची आठवण निघाली की ८ एप्रिल १९२९ हा दिवस डोळ्यांपुढे येतो. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त याच गोल इमारतीतील गॅलरीत आले होते. त्यांनी रिकाम्या जागी बॉम्ब टाकले, पत्रके उधळली आणि स्वतःस अटक करून घेतली. ते परक्यांचे राज्य होते आणि गॅलरीतील भारतीयाला आपला आवाज पोहोचविण्याचा सनदशीर मार्ग नव्हता. आज खाली बसलेला प्रत्येक लोकसभा सदस्य आपल्याच मतावर निवडून आलेला असतो. गॅलरीतील शांतता म्हणूनच वेगळ्या अर्थाची आहे.

काय पाहावे, काय ऐकावे

शक्य असल्यास लोकसभेच्या सकाळच्या सत्राचे प्रवेशपत्र मिळवावे. अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. तारांकित प्रश्नांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. दिवसाच्या यादीत असे २० प्रश्न असतात. लेखी उत्तराचे अतारांकित प्रश्न २३० पर्यंत असतात. उत्तर देणाऱ्या मंत्र्याची तयारी आणि विचारणाऱ्याचा अभ्यास दोन्ही येथे कसोटीस लागतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावा असा हा तास आहे. बाराच्या सुमारास शून्य प्रहर येतो आणि निरनिराळ्या भागांतील तातडीचे प्रश्न सदस्य मांडतात. सदस्यास मराठीतूनही बोलता येते. भाषांतर कानास लावावयाच्या यंत्रातून इतरांना ऐकू येते.

आता रिकाम्या बाकांविषयी. सभागृहाची गणपूर्ती संविधानाने एकूण सदस्यसंख्येच्या एकदशांश ठरविली आहे. ५४३ सदस्यांच्या लोकसभेत ही संख्या ५५ होते. ती नसल्याचे कोणी लक्षात आणून दिले की घंटा वाजू लागते. बरेचसे काम सभागृहाबाहेर, विभागवार स्थायी समित्यांत चालते. अशा २४ समित्या असून विधेयके व मागण्या यांची बारकाईने छाननी त्या करतात. शुक्रवारी दुपारचे अडीच तास अशासकीय कामकाजासाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांसाठी व ठरावांसाठी राखलेले असतात. अशी विधेयके सहसा संमत होत नाहीत. आजवर त्यांतील अवघी १४ कायद्याच्या रूपास आली, त्यांतील शेवटचे १९७० साली. साहजिकच त्या वेळी उपस्थिती रोडावते. सरपंचबाईंना दिसली ती नेमकी हीच वेळ.

तरीही ते अडीच तास व्यर्थ नसतात. संसदेतील भाषणांचे यथातथ्य वृत्त छापण्यास संरक्षण देणारा १९५६ चा कायदा फिरोज गांधी यांच्या अशाच एका विधेयकातून झाला. आज वर्तमानपत्रांत संसदेचे वृत्त निर्धास्तपणे छापले जाते, त्याच्या मुळाशी एका साध्या सदस्याचा उद्योग आहे. अर्थात, गैरहजेरीचे समर्थन येथे करावयाचे नाही. मतदाराने रिकामे बाक पाहून अस्वस्थ व्हावे, हे योग्यच आहे. ती अस्वस्थता माहितीवर आधारलेली असावी, एवढेच म्हणणे.

आवारातील पुतळेही पाहावेत. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा फुले, डॉ. आंबेडकर आदींचे पुतळे २०२४ पासून ‘प्रेरणा स्थळ’ येथे एकत्र आहेत. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर मराठी घराण्यातील होते. आणि क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली उत्तर साताऱ्यातून निवडून येऊन याच गोल इमारतीत बसले होते.

ज्यांना दिल्ली दूर वाटते त्यांनी मुंबईचे विधान भवन पाहावे. तेथेही प्रवेशपत्र घेऊन कामकाज पाहता येते. ‘संसद टीव्ही’वरून तर दोन्ही सभागृहे घरबसल्या दिसतात.

परतल्यावर

प्रवासाचे खरे फलित परतल्यावर दिसते. दिल्लीत नागरिक कितीही मोठा असला तरी गॅलरीत प्रेक्षक असतो. त्याला तोंड उघडता येत नाही. गावात मात्र मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. त्याला शिफारसपत्र लागत नाही, कोणी झडती घेत नाही, आणि बोलण्याचा त्याला अधिकार आहे. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तेथे विचारलेला प्रश्न हा गावचा तारांकित प्रश्नच होय. संसदेत उच्चारलेला शब्द न् शब्द नोंदला जातो. आपल्या ग्रामसभेचे इतिवृत्त तितक्या प्रामाणिकपणे लिहिले जाते काय, ते सभेपुढे वाचले जाते काय, हे प्रत्येकाने पाहावे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली ग्रामसभा आणि लोकसभेतील रिकामे बाक यांत फरक एवढाच की, पहिल्या ठिकाणी गैरहजर आपण स्वतः असतो.

त्या सरपंचबाईंना आज हेच सांगेन. बाई, आपण पुन्हा एकदा जावे, या वेळी सकाळी अकरा वाजता. आणि परत आल्यावर पुढच्या ग्रामसभेत, पाहिले ते पाच मिनिटे सांगावे. ऐकणाऱ्यांत शाळेतील मुली असतील तर फारच उत्तम.