मधुमेह आणि उशिराचे मातृत्व

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने ग्रासले होते. पायांच्या वेदनांनी ते त्रस्त असत आणि त्यांची दृष्टीही मंदावत गेली होती. तशा अवस्थेतही त्यांनी लेखन सोडले नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या रोगाची नीट ओळख करून घेणे मात्र राहून जाते.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की शरीरातील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांना इजा पोहोचते. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. सुरुवातीला काहीच दुखत नाही. थकलेल्या कर्जावरील चक्रवाढ व्याज जसे गुपचूप चढत जाते, तसेच हे नुकसान आहे.

हा रोग गरोदरपणात असेल तर प्रश्न दोन जीवांचा होतो. आपल्या मुली आज पदवी घेतात, नोकरी करतात आणि पहिले मूल होईपर्यंत कित्येकींची तिशी-पस्तिशी उजाडते. यात गैर काही नाही. मुलींचे शिक्षण थांबविणे हा यावरचा उपाय नव्हे. तथापि वयाबरोबर मधुमेह, उच्च रक्तदाब व गर्भपात यांचा संभव वाढतो, हेही खरे. डाऊन सिंड्रोम हा जन्मजात दोष पंचविशीतील मातांच्या सुमारे १२५० बाळांत एकाला, पस्तिशीत सुमारे ३५० त एकाला व चाळिशीत सुमारे १०० त एकाला आढळतो. म्हणजे चाळिशीतही बहुतेक बाळे या दोषाविना जन्मतात. तेव्हा भिण्यापेक्षा वेळेवर तपासणी करणे महत्त्वाचे.

ज्या स्त्रीला आधीपासून मधुमेह आहे, तिने दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाळाचे हृदय व मणका पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. त्या वेळी आईला पुष्कळदा दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून साखर आधीच आटोक्यात आणावी, डोळे व मूत्रपिंडे तपासून घ्यावीत, चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात.

दुसरा प्रकार गरोदरपणातच उद्भवणारा. वारेतून स्रवणारी संप्रेरके आईच्या इन्सुलिनला विरोध करतात. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचे इन्सुलिन जास्त तयार करते व प्रमाणाबाहेर वाढते. त्यामुळे बाळंतपण अवघड होते आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. "दोन जीवांची आहेस, गोडधोड खा" हा प्रेमाचा आग्रह येथे घातक ठरतो.

"मी तर सडपातळ, मला कशाला मधुमेह?" असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील बाळे वजनाने कमी, पण इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत चरबीचे प्रमाण जास्त असलेली आढळली. दिसायला बारीक असलेल्या देहातही मधुमेहाची बीजे असू शकतात.

तपासणी सोपी आहे. पाण्यातून ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचे व दोन तासांनी रक्त द्यायचे. उपाशी राहण्याची अट नाही. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आली तर उपचार घ्यावेत. ही तपासणी पहिल्याच भेटीत करावी आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करावी. आहार व चालण्याने भागले नाही तर इन्सुलिन देतात. त्याचे भय नको. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा व पुढे दरवर्षी रक्त तपासावे, कारण अशा मातेला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते; तिचा लाभ घ्यावा. आपल्या गगनबावड्याचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. मांडुकलीजवळ पुराचे पाणी रस्त्यावर आले की सुमारे ५५ किलोमीटरवरचे कोल्हापूर परदेशाइतके दूर होते. म्हणून ज्या भगिनींची तारीख आषाढ-श्रावणात आहे व साखर वाढलेली आहे, त्यांना घरच्यांनी आधीच कोल्हापुरात नातेवाइकांकडे न्यावे. ही जबाबदारी एकट्या सुनेची नसून पती, सासू-सासरे आणि सर्व समाजबांधवांची आहे.