बिनतिकिटाचा प्रवासी

खाडीकाठी राहणाऱ्यांना निवटी नक्कीच ठाऊक असते. ओहोटीच्या वेळी चिखलावर टुणटुण उड्या मारणारा हा मासा ‘गोबी’ गणातला. या गणात दोन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतल्याच एका जातीची, पिवळ्या परांच्या गोबीची ही गोष्ट.

हा मासा मूळचा जपान, कोरिया आणि चीनच्या किनाऱ्यावरचा. जपानमध्ये त्याला ‘माहाझे’ म्हणतात. तिथले हौशी लोक तो गळाने पकडतात आणि पिठात बुडवून, तळून आवडीने खातात.

हाच मासा १९६३ मध्ये थेट अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील खाडीच्या पाण्यात सापडला. १९७१ मध्ये तो ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बंदरात दिसला. एवढा महासागर त्याने पोहून पार केला का? नाही. रिकामे जहाज समुद्रात फार डोलू नये म्हणून त्याच्या टाक्यांत बंदरातले पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात. बहुधा अशाच पाण्यातून त्याची पिल्ले परदेशी पोचली.

तिथे तो रुजला, कारण त्याला खारे आणि गोडे, दोन्ही पाणी मानवते. नर चिखलात बीळ करतो, मादी त्यात हजारो अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो.

याचा जाच स्थानिक माशांना होतो. कॅलिफोर्नियाच्या किनारी खाजणांत जेमतेम बोटाएवढी एक गोबी राहते. जगात इतरत्र ती नाही. खाजणे बुजवली गेल्याने ती आधीच घटली होती. त्यात हे परके, थोराड भाऊबंद तिचे अन्न आणि जागा बळकावू लागले. १९९४ मध्ये अमेरिकेने तिला संकटग्रस्त ठरवले.

एकदा पसरलेला मासा खाडीतून वेचून काढता येत नाही. म्हणून दार आधीच लावायला हवे. जहाजांतल्या या पाण्याबाबत २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. तो लागू व्हायला मात्र २०१७ उजाडले. आपणही यातून सुटलेलो नाही. मध्य अमेरिकेकडचा एक लहान शिंपला मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत कधीच ठाण मांडून बसला आहे.

दोष माशाचा नाही. जपानमध्ये तो घरचाच आहे. त्याला परक्या घरात नेऊन सोडले ते आपण.