बॅटरी व अर्थ केबल
बॅटरी केबल ही वाहनाची बॅटरी व स्टार्टर जोडणारी तांब्याची जाड तार होय. अर्थ केबल सामान्यतः बॅटरीचे ऋण अग्र चासिस व इंजिनाशी जोडते. इंजिन सुरू होताना या दोन्हींतून मोठा प्रवाह वाहतो. २०० अँपिअर प्रवाहास ०.०१ ओहम रोध झाल्यास १२ पैकी २ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि स्टार्टर मंद फिरतो. गोंदियासारख्या भातशेतीच्या जिल्ह्यात चिखल व ओलाव्याने जुन्या ट्रॅक्टरांचे जोड गंजतात. तेव्हा चांगली बॅटरीही निकामी समजली जाऊ शकते. तारेचा काटछेद दुप्पट केल्यास रोध निम्मा होतो. मात्र प्रवाह अर्थ केबलमधूनच परतत असल्याने तीही बदलावी लागते व जोडाखालील गंज आणि रंग खरवडावा लागतो. काम करताना चासिसला जोडलेले अग्र प्रथम सोडतात व शेवटी जोडतात. अन्यथा पाना चासिसला टेकून ठिणग्या उडू शकतात.